सराव सामना हरलो: मनाला लावून घ्यायचं की सोडून द्यायचं?

काळापांढरा (मेलबर्न)

फेब्रुवारी उजाडला की इथे फूटीचे, म्हणजे ऑस्ट्रेलियन फुटबॉलचे, सराव सामने सुरू होतात आणि त्यांच्या मागोमाग तोच जुना वाद. आपला संघ हरला की अर्धे लोक म्हणतात, "अरे, सरावच होता, कशाला डोक्याला ताप?" उरलेले अर्धे कोचला काढा म्हणून ओरडतात. आमच्या मराठी ग्रुपवर या आठवड्यात पुन्हा तेच झालं. कोचला काढा म्हणणाऱ्यांत मी नाही. पण "सरावच होता" हे वाक्य मला मनापासून खटकतं. ते का खटकतं, हे एकदा नीट मांडायचं होतं म्हणून हा धागा काढतोय.

मी कॉलिंगवूडचा. मार्च २००९ मध्ये नॅब कपच्या अंतिम सामन्याला डॉकलँड्सच्या मैदानात होतो. नव्या मंडळींसाठी थोडक्यात सांगतो. २०१३ पर्यंत एएफएलच्या (इथल्या मुख्य फूटी लीगच्या) हंगामाआधी एक छोटी स्पर्धा व्हायची आणि तिला करंडकही होता. तिच्यात पन्नास मीटरच्या रेषेबाहेरून मारलेल्या गोलला सहाऐवजी नऊ गुण मिळायचे. त्या रात्री आमचा स्कोअर लागला १.६.६. म्हणजे नऊ गुणांचा एक, साधे सहा गोल आणि सहा बिहाइंड (थोडक्यात हुकलेले, एकेका गुणाचे), एकूण ५१. जिलाँगचे १२७. ७६ गुणांनी हरलो, आणि त्यांना लांबून एकही गोल मारावा लागला नाही. अठराच्या अठरा गोल रेषेच्या आतून.

त्या काळातलं जिलाँग ज्यांनी पाहिलंय त्यांना सांगायला नको. गर्दीतून हँडबॉल (मुठीने मारलेला पास) बाहेर निघायचा, तो घेणारा आधीच धावत असायचा आणि त्याच्या दोन्ही बाजूंना आणखी दोघे. आमचा माणूस टॅकलला पोचेपर्यंत चेंडू पुढच्याच्या हातात. माझ्या शेजारी एक म्हातारे गृहस्थ बसले होते. ते चेंडू कुठे चाललाय हे बघतच नव्हते. मधल्या वर्तुळावर नजर लावून बसले होते आणि प्रत्येक बाउन्सनंतर, म्हणजे पंचाने चेंडू आपटून खेळ सुरू केला की, पुटपुटायचे, "पुन्हा त्यांचाच." सामना संपेपर्यंत माझंही लक्ष तिथेच लागलं.

बाहेर पडताना साउदर्न क्रॉस स्टेशनच्या पुलावर सगळे एकमेकांची समजूत घालत होते. सरावच होता, मार्चमध्ये कोण लक्षात ठेवतं वगैरे. मग आला सप्टेंबर. प्रिलिमिनरी फायनल, म्हणजे जिंकलात तर अंतिम सामना. समोर तेच जिलाँग. १२०–४७. फरक ७३. मार्चमध्ये ७६ आणि सप्टेंबरमध्ये ७३, त्याच दोन संघांत, त्याच वर्षी. याला योगायोग कसं म्हणायचं?

त्यानंतर क्लबने काय केलं बघा. सिडनीहून डॅरन जॉली आणला, खास रक म्हणून, म्हणजे मधल्या वर्तुळात चेंडूसाठी उडी मारणारा उंच खेळाडू. सेंट किल्डा सोडून निघालेल्या ल्यूक बॉलला ड्राफ्टमध्ये (क्लब आळीपाळीने खेळाडू निवडतात त्यात) घेतलं. दोघेही मधल्या वर्तुळातली कामं करणारे. २०१० च्या प्रिलिमिनरीत आम्ही जिलाँगला ४१ गुणांनी हरवलं. अंतिम सामना सेंट किल्डाशी ६८–६८ असा बरोबरीत सुटला, आठवड्याने पुन्हा खेळवला आणि ५६ गुणांनी जिंकलो.

माझं म्हणणं एवढंच आहे. सराव सामना कितीने हरलात याला महत्त्व देऊ नका, पण कुठे हरलात ते बघा. जो पाठीराखा ते बघून काळजी करतो त्याला "तुला खेळ कळत नाही" म्हणून गप्प बसवू नका.

नेव्हीब्लू_नीता (कोबर्ग)

दादा, तुमचं एक वर्ष आहे, माझी दोन आहेत.

२००५. आमच्या कार्लटनने हाच करंडक जिंकला, अंतिम सामन्यात वेस्ट कोस्टला हरवून. त्याच हंगामात आम्ही सोळापैकी सोळावे आलो. अख्ख्या हंगामात चार विजय आणि एक बरोबरी. २००७ मध्ये पुन्हा करंडक जिंकला आणि पंधरावे आलो. पुन्हा चारच विजय. तुमचं तत्त्व खरं असेल तर मार्च २००५ मध्ये "कुठे जिंकलो" ते बघणाऱ्याला काय दिसायला हवं होतं? त्याला सगळीकडे सगळं छानच दिसलं असतं.

मला राग कशाचा येतो ते सांगते. २००५ च्या त्या करंडकानंतर आमच्या ओळखीतल्या लोकांनी मुलांना नवे स्कार्फ घेतले, मेंबरशिपा काढल्या. "आता दिवस पालटले" असं सगळे बोलत होते. आधीची वर्षं वाईट गेली होती, त्यामुळे आशा लावायला लोक तयारच होते. जूनपर्यंत त्याच मुलांना शाळेत चिडवून घ्यावं लागत होतं. मार्चच्या विजयाने आम्हाला फसवलं. मग मार्चच्या पराभवावर विश्वास का ठेवू?

आणि सराव सामन्यात काळजी करायचीच असेल तर ती गुडघ्यांची करा. २०२४ च्या ड्राफ्टमध्ये आम्ही तिसऱ्या क्रमांकावर जॅगा स्मिथला घेतलं. फेब्रुवारी २०२५ मध्ये सेंट किल्डाविरुद्धच्या सराव सामन्यात त्याच्या गुडघ्याचं एसीएल लिगामेंट तुटलं. पदार्पणाआधीच पोराचा हंगाम गेला. त्या दिवशी स्कोअर काय होता हे मला कुणी विचारलं असतं तर मी उत्तरही दिलं नसतं.

नवखा_वैदर्भीय (वर्ध्याहून, सध्या पॉइंट कुक)

मुलगा ऑसकिकला (लहान मुलांच्या फूटीला) जातो म्हणून आता कुठे हा खेळ समजायला लागलाय. एक शंका आहे. क्रिकेटमध्ये दौऱ्याच्या आधी सराव सामना हरला तर आपण दुसऱ्या दिवशी विसरतो. इथे लोक इतके का पेटतात?

आणि पराभवाबद्दल बोलायचं तर ॲडलेडला ३६ वर ऑलआउट झालो होतो आपण, डिसेंबर २०२० मध्ये. पुढच्याच कसोटीत अजिंक्य रहाणेने याच एमसीजीवर ११२ काढले आणि मालिका २–१ ने जिंकून आलो. मग सराव सामन्याचं काय घेऊन बसायचं?

काळापांढरा

वैदर्भीयभाऊ, ॲडलेड ही खरी कसोटी होती, सराव नव्हता. तिथे दोन्ही संघ जीव तोडून खेळत होते. त्यामुळे ते उदाहरण इथे लागू होत नाही. पण रहाणेचं नाव निघालं की मला बरंच वाटतं, तेव्हा आक्षेप नाही.

लोक पेटतात कारण सप्टेंबरच्या शेवटी हंगाम संपतो आणि मग पाच महिने काही नसतं. ऑक्टोबरपासून आपण फक्त कोण आला, कोण गेला, कुणाचा घोटा बरा झाला एवढ्यावर जगतो. पहिला सराव सामना म्हणजे पाच महिन्यांच्या उपाशी माणसासमोर आलेलं पहिलं ताट. ते कच्चं निघालं तर तो बोलणारच.

नीताताई, २००५ बद्दल तुमच्याशी वाद घालणार नाही. पण जिंकणं आणि हरणं यात फरक आहे. सराव सामना जिंकायला समोरचा निष्काळजी असला तरी चालतं. मधोमध फुटून हरायला मात्र आपल्यातच काहीतरी कमी लागतं.

जिलाँगलाइन (टार्नेट)

नमस्कार मंडळी. मी त्या रात्रीच्या दुसऱ्या बाजूची. टार्नेटहून जिलाँगच्या गाडीत बसते म्हणून मॅगपाय (कॉलिंगवूडच्या) मंडळींनी आधीच कपाळाला आठ्या घातल्या असतील.

२००९ समजायचं तर २००८ सांगावं लागेल, आणि काळापांढरांनी ते सांगितलं नाही. २००८ च्या साखळीत जिलाँगने बावीसपैकी एकच सामना गमावला, आणि तो कॉलिंगवूडविरुद्ध, तब्बल ८६ गुणांनी. साखळीत एवढी मजल मारूनही अंतिम सामना आम्ही हॉथॉर्नकडून हरलो. तेव्हा मार्च २००९ मध्ये आमची पोरं सराव करायला उतरलीच नव्हती. ती चिडलेली होती. ज्यांनी ८६ ने लोळवलं तेच समोर, आणि वर अंतिम सामना हातून गेल्याची जखम ताजी.

म्हणून माझं मत दोघांहून थोडं वेगळं आहे. सराव सामन्याचा निकाल कशावर ठरतो? समोरच्याला त्या दिवशी तो किती हवा आहे यावर. २००९ मध्ये आम्हाला तो हवा होता, आम्ही जिंकलो आणि पुढे फ्लॅगही, म्हणजे हंगामाचं अजिंक्यपदही, जिंकला. २००६ मध्येही आम्ही हाच करंडक उचलला होता आणि दहावे आलो होतो. मधल्या वर्तुळात आमच्याकडे साधारण तीच माणसं होती, फक्त वयाने लहान.

आता मला सांगा, बाहेरून बघणाऱ्याला कसं कळायचं कोण चिडलंय आणि कोण फक्त पाय मोकळे करतंय?

आकडेमोड (पुणे)

मी लांबून बघणारा, कुठल्याच संघाचा नाही. पण एक सोपा हिशोब करून बघितला.

१९८८ ते २०१३, हंगामापूर्वीच्या करंडकाची २६ वर्षं. त्यातल्या किती वर्षी करंडक आणि फ्लॅग एकाच संघाने जिंकले? पाच. हॉथॉर्न १९८८ आणि १९९१, एसेंडन १९९३ आणि २०००, जिलाँग २००९.

नीताताई म्हणतील, बघा, २१ वेळा नाही जुळलं. बरोबर. पण स्पर्धेत तेव्हा १४ ते १८ संघ होते. नुसत्या चिठ्ठ्या टाकल्या असत्या तर २६ वर्षांत दीड-दोन वेळा जुळलं असतं. पाच म्हणजे त्याच्या जवळजवळ तिप्पट. म्हणजे मार्चमध्ये काहीतरी दिसत होतं. धूसर होतं, पण होतं.

दुसरी गोष्ट पराभवाची, जो खरा विषय आहे. काळापांढरांचा कॉलिंगवूड तेव्हा "हरला" म्हणजे बाद फेऱ्या जिंकत अंतिम सामन्यापर्यंत जाऊन हरला. त्या वर्षी तो साखळीत चौथा आला. २०१० ला कपचा अंतिम सामना हरलेला सेंट किल्डा सप्टेंबरच्या अंतिम सामन्यात पोचला, २०११ ला हरलेला एसेंडन पहिल्या आठात आला. तीन वर्षं फार थोडी आहेत, त्यावर मी इमला बांधणार नाही. पण पराभवाकडे बघताना तो कुठल्या पायरीवर झाला हे तरी बघायला हवं.

नेव्हीब्लू_नीता

आकडेमोड, हिशोब मान्य. पण तुम्ही जिंकणाऱ्यांचं गणित मांडून हरणाऱ्यांचं मत सिद्ध करताय. पहिल्याच फेरीत गाशा गुंडाळून सप्टेंबरमध्ये फ्लॅग जिंकणारे किती, ते काढा. २६ पैकी २१ फ्लॅग अशाच संघांनी जिंकलेत ज्यांच्या हाती मार्चमध्ये करंडक नव्हता. बहुतेक वर्षी बाद फेरीची स्पर्धा होती, करंडक जिंकला नाही म्हणजे बहुधा कुठेतरी हरलेच. सराव सामना हरणं हा फ्लॅगचा नेहमीचा रस्ता आहे.

आणि सरावच कशाला, ब्रिस्बेन २०२४ मध्ये खऱ्या हंगामातले पहिले तीन सामने हरलं. पहिलाच आमच्याविरुद्ध, ४६ गुणांची आघाडी घालवून एका गुणाने. सप्टेंबरमध्ये अंतिम सामना सिडनीविरुद्ध ६० गुणांनी जिंकला. तीन खऱ्या पराभवांनी जे ठरलं नाही, ते एका सराव सामन्याने ठरणार?

फूट्सक्रेचा_मंदार

दोघांचंही ऐकलं. माझ्याकडे काळापांढरांच्या उदाहरणाचं बरोबर उलटं उदाहरण आहे, आणि ते फक्त एका वर्षानंतरचं.

मार्च २०१०, तेच मैदान, तोच कप. आमच्या वेस्टर्न बुलडॉग्सनी सेंट किल्डाला ४० गुणांनी हरवलं. १०४–६४. बॅरी हॉल नुकताच आमच्याकडे आला होता. १९५४ नंतर या क्लबला फ्लॅग नव्हता, त्यामुळे ती रात्र फूट्सक्रेत कुणी सराव म्हणून घेतली नाही. माझे शेजारी, जन्मापासून बुलडॉग्सचे, दारात उभे राहून येणाऱ्या-जाणाऱ्याशी बोलत होते.

सप्टेंबरमध्ये प्रिलिमिनरी फायनल. समोर तेच सेंट किल्डा. हरलो, २४ गुणांनी. ८८–६४.

म्हणजे २००९ मध्ये मार्चचा निकाल सप्टेंबरमध्ये तसाच आला आणि २०१० मध्ये नेमका उलटा. दोन्ही वेळा तेच दोन संघ, तीच पायरी. आता यातलं कुठलं वर्ष खरं मानायचं?

तरीही मी नीताताईंच्या बाजूने पूर्ण जाणार नाही. हे सामने फुकटचे नसतात. २००९ च्याच नॅब कपमध्ये कॉलिंगवूडचा कॅप्टन निक मॅक्सवेलच्या धडकेत वेस्ट कोस्टच्या पॅट्रिक मॅकगिनिटीचा जबडा मोडला. ट्रायब्युनलने (एएफएलच्या शिस्त समितीने) चार सामन्यांची बंदी घातली आणि अपिलात ती रद्द झाली. जबडा सरावातला म्हणून कमी मोडत नाही आणि ट्रायब्युनलही सराव म्हणून डोळे मिटत नाही. ज्या सामन्यात माणसं एवढ्या जोराने एकमेकांवर जातात तो बघून पाठीराख्याने मात्र थंड राहावं, हे मला जमत नाही.

नवखा_वैदर्भीय

आता वाद समजायला लागला. पण समजा काळापांढरांचं बरोबर आहे आणि मार्चमध्ये दोष दिसला. क्लब तेव्हा करू काय शकतो? खेळाडू तर ठरलेले असतात ना?

काळापांढरा

हा प्रश्न खरा कळीचा आहे.

२००९ मध्ये मार्चमध्ये काहीच हाती नव्हतं. खेळाडूंची अदलाबदल ऑक्टोबरमध्ये, ड्राफ्ट नोव्हेंबरमध्ये. मार्चमध्ये रक कमी पडतोय हे दिसलं तरी आहे त्या माणसांवरच सप्टेंबर काढायचा. जॉली आणि बॉल आले ते हंगाम संपल्यावर. आता थोडं सैल झालंय. हंगाम सुरू होण्याआधी जखमी खेळाडूच्या जागी एखादा घेता येतो आणि २०१९ पासून हंगामाच्या मध्यावर छोटा ड्राफ्टही होतो. पण तयार रक त्यात मिळत नाही, तो वर्षानुवर्षं घडवावा लागतो.

बदलता येतं ते मांडणीत. कुणाला मध्ये टाकायचं, कुणाला पंखावर (मैदानाच्या कडेला) न्यायचं, मधल्या वर्तुळात बचाव करायचा की हल्ला. चांगला कोच सराव सामन्यातून नेमकं हेच उचलतो. म्हणून मी म्हणतो की आपणही तेच बघावं.

आणि मंदारभाऊ, तुमच्या २०१० ने माझं म्हणणं पडत नाही. तुम्ही मार्चमध्ये जिंकलात आणि सप्टेंबरमध्ये शेवटच्या चारात होतात. संघ चांगला आहे हे मार्चने खरंच सांगितलं होतं. २४ गुण म्हणजे चार गोल, प्रिलिमिनरीत एवढं इकडचं तिकडे होतं. ७६ आणि ७३ तसं होत नाही.

नेव्हीब्लू_नीता

हे बरं आहे. निकाल जुळला तर मार्चने सांगितलं होतं, नाही जुळला तरी "संघ चांगला आहे" हे मार्चने सांगितलं होतं. मग मार्च चुकतो कधी? २००५ मध्ये चुकला की नाही, एवढं सांगा.

काळापांढरा

चुकला. २००५ मध्ये साफ चुकला.

जिलाँगलाइन

नीता, तुझ्या प्रश्नात दम आहे, पण मला वाटतं तू आणि दादा दोघंही जुन्या करंडकाबद्दल बोलताय. तो २०१३ ला संपला. आताचे सामने बघितलेस ना? कोच अर्ध्या वेळाने मोठ्या खेळाडूंना काढून घेतो. कधी एकाच क्वार्टरला तीन जण मधल्या जागेवर आळीपाळीने घालून बघतो. समोरचा पुढच्या महिन्यात खऱ्या सामन्यात भेटणार असेल तर आपली मधल्या वर्तुळातली मांडणी कुणी दाखवत नाही. करंडक होता तेव्हा निदान शेवटच्या सामन्याला दोन्ही बाजू जिंकायला उतरायच्या. आता तेवढंही खात्रीने सांगता येत नाही.

म्हणून आमच्या घरात एक रीत आहे, आवडली तर घ्या. पहिला अर्धा भाग नीट बघायचा, त्यातही मोठी नावं मैदानात आहेत तोवरच. दुसऱ्या अर्ध्यात स्कोअर बघायचाच नाही, फक्त नवी पोरं बघायची. कोण चेंडूवर वाकतो आणि कोण एक पाऊल मागे राहतो, हे अठराव्या वर्षीसुद्धा लपत नाही. माझे यजमान स्कोअरबोर्ड बघतात आणि चिडतात. मी पोरं बघते. रात्री जेवताना आमची चर्चा ऐकली तर दोघं वेगवेगळे सामने बघून आलोय असं वाटेल.

फूट्सक्रेचा_मंदार

ताई, पोरांचं म्हणणं शंभर टक्के मान्य. पण एक राहिलं. पाठीराख्याने काय बघावं हे आपण सांगतोय, त्याने काय वाटून घ्यावं हे कसं सांगणार? मेंबरशिपचे पैसे भरतो, थंडीत पोरांना घेऊन जातो, सोमवारी ऑफिसमध्ये ऐकून घेतो. पश्चिमेकडच्या या उपनगरांत तर आता आपल्याकडची मुलंही बुलडॉग्सचे जर्सी घालून फिरतात. ती सराव हरल्यावरही रडतात. त्यांना पाच भागिले सव्वीस सांगू का?

आकडेमोड (पुणे)

त्यांना नका सांगू. पण मोठ्या माणसाने कोचला काढा म्हणायच्या आधी तरी तो भागाकार करावा.

नेव्हीब्लू_नीता

मंदार, मुलांच्या रडण्यावर कोण बोलतंय? माझी लेकही रडते. मी तिला एवढंच सांगते की याचे गुण लॅडरवर (गुणतक्त्यावर) जात नाहीत. ते तिला लगेच कळतं. आमच्या ग्रुपवरच्या काकांना कळत नाही. फेब्रुवारीतल्या एका संध्याकाळवरून ते वीस वर्षांच्या पोराचं नाव घेऊन "हा कामाचा नाही" लिहितात. ती पोरं फोन बघतात हो. त्यातलं कुणी मराठी वाचत नसेल, पण हेच इंग्रजीत लिहिणारे हजारो आहेत. माझा विरोध काळजीला नाही, या शेऱ्यांना आहे, आणि "सराव पराभव गांभीर्याने घ्या" म्हटलं की दार उघडतं ते यांच्यासाठीच.

काळापांढरा

खेळाडूचं नाव घेऊन निकालात काढणं मलाही मान्य नाही. मी वर कुणा एकाचं नाव घेतलेलं नाही, मधल्या वर्तुळाबद्दल बोललो. पण काही लोक वाईट बोलतात म्हणून जो नीट बघून बोलतो त्यानेही गप्प बसावं, हे मला चालणार नाही.

नेव्हीब्लू_नीता

मग शेवटचा प्रश्न. २०११. मार्चमध्ये कॉलिंगवूडने कप जिंकला, एसेंडनला हरवून. साखळीत बावीसपैकी वीस सामने जिंकलात. अख्ख्या वर्षात फक्त तीन सामने हरलात आणि तिन्ही जिलाँगकडून. त्यातला एक ९६ गुणांनी आणि तिसरा म्हणजे अंतिम सामना, ३८ गुणांनी. त्या मार्चमध्ये तुम्ही मधल्या वर्तुळाकडे बघत बसला असालच. काय दिसलं होतं?

काळापांढरा

दिसलं होतं की आपण एसेंडनपेक्षा चांगले आहोत, आणि तसे आम्ही होतो. वर्षभर सगळ्यांपेक्षा चांगले होतो, एक संघ सोडून. मार्चच्या त्या अंतिम सामन्यात समोर एसेंडन होतं, जिलाँग नव्हतं. सराव सामना समोर जो उभा असतो त्याच्यापुरतंच बोलतो, त्याच्याकडून यापेक्षा जास्त मी मागितलेलंही नाही. २००९ मध्ये समोर जिलाँग होतं.

जिलाँगलाइन

आणि २०११ मध्ये पुन्हा तेच घडलं, कारण तेव्हाही आम्ही चिडलेलो होतो. २०१० ची प्रिलिमिनरी ४१ ने हरल्यावर सगळे म्हणत होते, या संघाचं वय झालं. आमचा मोठा खेळाडू गॅरी एबलेट गोल्ड कोस्टला गेला, कोच मार्क थॉम्पसन गेला. हे तुमच्या मधल्या वर्तुळात दिसत नाही, दादा.